७८ लक्सचे वाचनालय

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयातले दिवे बदलण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा उजेड मोजता येतो एवढेही मला नीट ठाऊक नव्हते. मी निवृत्त शिक्षक, तोही मराठीचा. दिवा घ्यायचा तर ‘किती वॅटचा?’ एवढेच विचारायचे, हीच आयुष्यभराची सवय. १४ जुलै २०२४ रोजी रविवारच्या कार्यकारिणीत एका ज्येष्ठ वाचकाची तक्रार वाचली गेली. लेखी तक्रार नेमस्त भाषेत होती, तोंडी त्यांनी मला दारातच ऐकवले होते, “मास्तर, दिवे लागतत खरे, पण माका काय दिसणा नाय.” दिवे मोजून बदलावेत असा ठराव झाला आणि ‘मोजून’ हा शब्द इतिवृत्तात मीच घातल्यामुळे मोजणेही माझ्याच गळ्यात पडले.

वाचनालयाची खोली साधारण २४ फूट बाय १६ फूट, म्हणजे ३६ चौरस मीटर. वर मंगलोरी कौले, काळवंडलेले वासे आणि जमिनीपासून ११ ते १३ फुटांवर ठोकलेल्या सहा एलईडी ट्यूब. ट्यूबवर २० वॅट असे छापलेले होते आणि त्या चार वर्षांपूर्वी घेतल्या होत्या. एकही बंद पडलेली नव्हती, म्हणून दिव्यांत दोष आहे असे कोणालाच वाटत नव्हते. चष्मा बदला, असेच आम्ही लोकांना सांगत होतो.

१७ जुलैला उजेड मोजणारा लक्समीटर ऑनलाइन मागवला. किंमत १,४८० रुपये. पावसात घाटात दरड कोसळल्यामुळे तो यायला बारा दिवस लागले. तोवर माझ्या भाच्याला फोन केला. तो मुंबईत दिव्यांच्याच धंद्यात आहे. मी त्याला विचारले, चांगल्या उजेडासाठी किती वॅट लागतात? तो म्हणाला, “मामा, वॅट म्हणजे दिवा खातो किती. देतो किती ते ल्युमेनमध्ये विचारायचं, आणि पुस्तकापर्यंत पोचतं किती ते लक्समध्ये.” त्यानंतर जे काही शिकलो, ते याच वाक्याची फोड करत शिकलो.

साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब सातशे-आठशे ल्युमेन द्यायचा, आज नऊ वॅटचा एलईडी बल्ब तेवढेच किंवा थोडे जास्त देतो. म्हणजे वॅटवरून उजेडाचा अंदाज बांधण्याची आपली सवय बल्बच्या काळापुरतीच खरी होती. ल्युमेनचे मोजमाप माणसाच्या डोळ्याला धरून ठरवलेले आहे, ही गोष्ट मला विशेष वाटली. डोळा सगळ्या रंगांना सारखा दाद देत नाही. ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पोपटी हिरव्या प्रकाशाला तो उजेडात सर्वाधिक संवेदनशील असतो आणि तांबड्या-जांभळ्या टोकांकडे त्याची दाद कमी होत जाते. ही दाद दाखवणारा वक्र आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९२४ मध्ये मान्य केला आणि मोजणीची उपकरणे अजूनही त्यालाच अनुसरून बनवली जातात. त्या हिरव्या प्रकाशाच्या एका वॅटचे ६८३ ल्युमेन होतात. एखादा दिवा कितीही वॅट उष्णतेत उधळत असला, तरी त्यातले डोळ्याला जाणवते तेवढेच ल्युमेनमध्ये धरले जाते.

तिसरे एकक कँडेला. दिव्याचा एका विशिष्ट दिशेला असलेला जोर त्यात मोजतात. एक कँडेलाचा दिवा सगळीकडे सारखा पसरत असेल, तर त्याचे एकूण १२.५७ ल्युमेन होतात आणि त्यापासून एक मीटरवर एक लक्स पडतो. मीटर हातात आल्यावर मी पहिली नोंद दिव्यांची केलीच नाही. रात्री घरातले सगळे दिवे मालवून देवघरात एकच वात लावलेली समई ठेवली आणि एक मीटरवर मीटर धरला. आकडा ० आणि १ यांच्यात लुकलुकत राहिला. एक लक्स म्हणजे काय हे त्या रात्री नजरेत बसले: शेजारी बसलेल्या बायकोचा चेहरा ओळखता येत होता, पण हातातल्या पंचांगातली बारीक अक्षरे लागत नव्हती. या हिशेबाने दोन हजार ल्युमेनची ट्यूब म्हणजे अशा एकशे साठेक वाती.

वाचनालयात मोजणी रात्री आठनंतरच केली, कारण दिवसा खिडकीतून येणारा उजेड आकड्यांत मिसळतो. टेबलाच्या उंचीवर, एकेका मीटरच्या अंतराने खडूच्या खुणा करून ३५ ठिकाणी नोंद घेतली. पहिल्या रात्रीची सगळी नोंद फुकट गेली, कारण मी मीटरवर वाकून आकडा वाचत होतो आणि माझीच सावली त्यावर पडत होती. ज्यांना हे करायचे असेल त्यांनी तारेला जोडलेला सुटा सेन्सर असलेलाच मीटर घ्यावा, सेन्सर टेबलावर सपाट ठेवावा, हातभर लांब उभे राहावे आणि पांढरा सदरा घालून जवळ जाऊ नये. सदऱ्यावरून परतणारा उजेडही आकडा वाढवतो. दिवे लावल्यावर अर्धा तास थांबावे, हेही तेव्हाच कळले. दुसऱ्या रात्रीची सरासरी आली ७८ लक्स. बालविभागाच्या कोपऱ्यात ४१. अंतर्गत प्रकाशयोजनेच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३६४६ मध्ये, ग्रंथालयातल्या वाचनाच्या टेबलासाठी २०० ते ५०० लक्सचा पट्टा दिलेला असून त्यात मधला आकडा ३०० आहे. आम्ही गेली चार वर्षे त्याच्या चौथ्या हिश्श्यात लोकांना वाचायला बसवत होतो. आकडा वहीत लिहिताना मला खरेच ओशाळल्यासारखे झाले.

ऑगस्ट सगळा आकडेमोडीत गेला. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, त्यामुळे भाच्याने दिलेले सूत्र सोपे आहे: हवे असलेले लक्स गुणिले क्षेत्रफळ, भागिले दोन गुणक. पहिला गुणक म्हणजे दिव्याच्या उजेडापैकी टेबलापर्यंत पोचणारा भाग, दुसरा म्हणजे धूळ आणि दिव्याचे वय धरून ठेवलेली सूट. ३०० गुणिले ३६ म्हणजे १०,८००. पहिला गुणक ०.५ आणि दुसरा ०.८ धरला तरी २७,००० ल्युमेन लागतात, म्हणजे दोन हजारांच्या चौदा ट्यूब. आणि आमच्या काळ्या कौलांखाली ०.५ हा गुणक म्हणजे मनाचे मांडे. पांढरी छते असलेल्या खोलीत वर गेलेला उजेड परत खाली येतो, आमचा कौलांतच जिरतो.

मग दिवे वाढवण्याऐवजी खाली आणले तर? अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा होतो, हा नियम शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून ऐकलेला होता. पडताळा घ्यायला कोठीच्या खोलीत नऊ वॅटचा बल्ब टांगला: एक मीटरवर १०४, दोन मीटरवर ३३. चौथा हिस्सा २६ यायला हवा होता. जास्तीचे सात लक्स चुन्याच्या भिंतींनी परत पाठवले होते; काळी चादर लावल्यावर आकडा २७ वर आला. हाच प्रयोग चार फुटी ट्यूबवर केला, तेव्हा मात्र उजेड पुष्कळ हळू कमी झाला आणि मी दोन रात्री मीटरला दोष देत बसलो. भाच्याने सांगितले की हा नियम बिंदूसारख्या दिव्याचा आहे आणि दिव्याच्या लांबीच्या निदान पाचपट अंतरावर गेल्याखेरीज तो लावू नये. चार फुटी ट्यूबसाठी ते अंतर वीस फूट होते, म्हणजे आमच्या खोलीत तो प्रश्नच नव्हता. तरी दिवे खाली आणण्याचा विचार पक्का झाला: चार टेबलांवर प्रत्येकी दोन ट्यूब, टेबलापासून सहा फुटांवर साखळीने टांगलेल्या, आणि कपाटांसाठी तीन वेगळ्या.

७ सप्टेंबरला गणपती आले आणि काम थांबले. थांबले ते बरेच झाले, कारण भाचा गावी आला आणि पडवीत बसून त्याने मला चाचणी अहवाल वाचायला शिकवले. आमचे वाचनालय शासनमान्य, त्यामुळे लेखापरीक्षणासाठी तीन दरपत्रके, ठराव आणि जीएसटीचे बिल हवेच. कणकवलीच्या बाजारातून २३ सप्टेंबरपर्यंत तीन दरपत्रके मिळाली. प्रत्येकाकडे मी एक नमुना आणि चाचणी अहवाल मागितला. नमुने विकत घेतले, तिन्हींचे मिळून १,१४० रुपये; फुकट मागितले असते तर खास निवडून दिले असते, अशी भीती वाटली.

पहिल्या दुकानाने लगेच अहवाल दिला. २३० व्होल्टवर १९.६ वॅट, २,१५० ल्युमेन, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेचा प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) ०.९६, रंगदर्शनाचा निर्देशांक (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचे शंभरपैकी गुण) ८२. ल्युमेनला वॅटने भागले की ११० च्या आसपास येते, ती दिव्याची कार्यक्षमता. अहवालात खोलीचे तापमान २५ अंश लिहिलेले होते; ते प्रयोगशाळेसाठी ठरलेलेच असते, आमच्या मे महिन्यातल्या कौलांखालच्या हवेशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या दुकानाचा अहवाल ३६ वॅटच्या, वेगळ्याच दिव्याचा निघाला. तिसऱ्याने, ज्याचा दर सर्वांत कमी होता, अहवाल दिला नाही. खोक्यावर २,२०० ल्युमेन छापले आहे ते पुरे, असे त्याचे म्हणणे. खोक्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो घातला, तर तो भलत्याच उत्पादनाचा निघाला. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होते आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता माझ्याकडे तीन ट्यूब होत्या आणि त्या खरेच किती ल्युमेन देतात हे कळायला मार्ग नव्हता. लक्समीटर ल्युमेन सांगत नाही. दिव्यातून सर्व दिशांना जाणारा उजेड एकत्र करून मोजायला आतून पांढरा असा पोकळ गोल लागतो. गोल कुठून आणणार? पण आतून पांढरे काहीतरी देवगड बंदरावर ढिगांनी पडलेले असते. मासळीचे थर्माकोलचे दोन खोके आणले, साबणाने धुऊन ऑक्टोबरच्या उन्हात तीन दिवस वाळवले, एकेक बाजू कापून लांबीत जोडले आणि एका कडेला सेन्सरपुरते भोक पाडले. ट्यूबचा उजेड थेट सेन्सरवर पडू नये म्हणून मध्ये थर्माकोलचाच एक तुकडा आडवा उभा केला. आतल्या आत दहा ठिकाणी आपटून उजेड सगळीकडे सारखा होतो आणि भोकाशी जो आकडा दिसतो, तो दिव्याच्या एकूण उजेडाच्या प्रमाणात असतो. त्यातून ल्युमेन कळत नाहीत, पण एक दिवा दुसऱ्याच्या किती टक्के आहे ते कळते.

एक अट महत्त्वाची: तिन्ही ट्यूब एकाच लांबीच्या आणि एकाच रंगाच्या हव्यात, कारण स्वस्त मीटरच्या सेन्सरवरचा प्रकाशाचा गाळणा (फिल्टर) डोळ्याच्या वक्राशी तंतोतंत जुळत नाही आणि पिवळसर व पांढऱ्या दिव्यांची तुलना त्यावर फसते. दुसरी अट, ट्यूब आधी बाहेर अर्धा तास पेटवून ठेवायची आणि मग खोक्यात घालून मिनिटभरात आकडा घ्यायचा. बंद थर्माकोलमध्ये ती तापते आणि आकडा घसरू लागतो. बांगड्याचा वास काही पूर्ण गेला नव्हता. शेजारची मांजर चारही संध्याकाळी खोक्याभोवती घुटमळत होती.

पहिल्या दुकानाची ट्यूब १०० धरली, तर दुसऱ्याची ९६ आणि तिसऱ्याची ८४ निघाली. म्हणजे पहिलीचे अहवालातले २,१५० ल्युमेन खरे मानले, तर २,२०० छापलेल्या तिसऱ्या ट्यूबमधून १,८०० च्या आसपासच ल्युमेन येत होते. ही मोजणी वीजदाब नीट असताना, दुपारी केलेली. संध्याकाळी आमच्याकडे दाब १९० व्होल्टपर्यंत उतरतो, तेव्हा परत मोजले: पहिल्या दोन ट्यूबचा आकडा हललाही नाही, तिसरीचा तेवढ्यानेही पाचव्या हिश्श्याने खाली आला. ज्यांच्या गावी दाब पडतो, त्यांनी नमुना संध्याकाळीच पाहावा. त्याच वेळी मोबाइलचा कॅमेरा ट्यूबसमोर धरला, तर तिसरीच्या उजेडात काळे पट्टे सरकताना दिसले. डोळ्याला न दिसणारी फडफड अशी पकडता येते.

कार्यकारिणीत कोषाध्यक्षांनी विचारले, “मासळीच्या खोक्याच्या आकड्यावर सर्वांत कमी दर नाकारायचा कसा?” प्रश्न रास्त होता. म्हणून तिसऱ्या दुकानाची ट्यूब मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे ठरले. शुल्क ३,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४,१३०. मागणीपत्रात कोणत्या मानकानुसार चाचणी हवी तो रकाना मी रिकामा सोडला, म्हणून ते आठ दिवसांनी परत आले. एलईडी दिव्यांच्या विद्युत व प्रकाशमापनासाठी तिथे आयएस १६१०६ लिहायचे असते. मग पार्सलने पाठवलेली ट्यूब वाटेत फुटली. तोवर दिवाळी आली. शेवटी तशीच दुसरी ट्यूब विकत घेऊन, पीव्हीसी पाइपात घालून, मी स्वतःच रात्रीच्या एसटीने पुण्याला निघालो आणि ११ नोव्हेंबरला सकाळी प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिलो.

तिथला तंत्रज्ञ तरुण मोठ्या मनाचा होता. त्याने मला तो गोल दाखवला. माणसापेक्षा उंच, आणि मधोमध उघडणारा. उघडला तेव्हा नारळ फोडल्यावर दोन वाट्या दिसाव्यात तसाच दिसला: बाहेरून करडा, आतून शुभ्र. आत बेरियम सल्फेटचा लेप असतो, आणि माझ्या थर्माकोलच्या तुकड्याच्या जागी एक नेमका बसवलेला पडदा. आधी ज्याचे ल्युमेन माहीत आहेत असा प्रमाण दिवा पेटवतात आणि त्याच्याशी तुलना करतात. एक गोष्ट मला सुचलीच नव्हती: आत ठेवलेली ट्यूब स्वतःही थोडा उजेड शोषून घेते, म्हणून गोलात एक साहाय्यक दिवा कायम बसवलेला असतो आणि त्याच्या आधारे ते शोषण हिशेबात धरतात. एका दुसऱ्या ट्यूबची चाचणी चालू होती. पेटवल्यावर पडद्यावरचा आकडा दोन हजारांवर होता, तो हळूहळू उतरत गेला. उतरणे थांबेपर्यंत, निदान अर्धा तास, नोंद घेत नाहीत. जुन्या फ्लुरोसंट ट्यूब मोजण्याआधी १०० तास जाळाव्या लागायच्या, एलईडी नवीनच मोजतात, हेही त्याने सांगितले.

खोक्यावरच्या ‘आयुष्य २५,००० तास’ या ओळीबद्दल मी विचारले. दिवसाला सहा तास धरले तर ती अकरा वर्षे होतात. ती वर्षे दिवा बंद पडण्याची नसतात. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतची असतात. शिवाय चाचणी आतल्या एलईडीची होते, निदान ६,००० तास, आणि पुढचा आकडा गणिताने काढतात, तोही चाचणीच्या फार तर सहापट. ट्यूबमधला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, त्या आधीच जातो, आणि आमच्याकडे मृगाच्या विजा व खारी हवा त्याला आणखी लवकर नेतात. आमच्या जुन्या सहा ट्यूब चालू असूनही का मंदावल्या होत्या, ते मला तिथे कळले.

२६ नोव्हेंबरला अहवाल ईमेलने आला: १८.९ वॅट, १,८४२ ल्युमेन. छापील आकड्यापेक्षा सोळा टक्के कमी. मानकात दहा टक्क्यांपर्यंतची तूट चालते. मासळीच्या खोक्याचा अंदाज १,८०६ होता. कोषाध्यक्षांनी अहवाल दोनदा वाचला आणि पहिल्या दुकानाच्या दरपत्रकावर सही केली. तिसऱ्या दुकानाला मी अहवालाची प्रत जोडून पत्र लिहिले, त्याचे उत्तर आलेले नाही.

अकरा ट्यूब जीएसटीसह ५,०६२ रुपयांना पडल्या; साखळ्या, वायर आणि मजुरीचे ४,६०० झाले. मीटर, नमुने आणि प्रयोगशाळा धरून एकूण १६,४१२ रुपये. यात प्रयोगशाळेचा खर्च जवळजवळ ट्यूबच्या किमतीएवढा आहे, हे मला डाचते. लहान वाचनालयाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत झाले आहे. अहवाल मागणे, ॲपवर क्रमांक पाहणे आणि एक मीटर बाळगणे पुरते. मीटर तर तालुक्यातल्या चार वाचनालयांत मिळून एक असला तरी चालेल. आमचा कोणी मागितला तर देतो.

२ जानेवारी २०२५ ला रात्री पुन्हा मोजणी केली. टेबलांवर सरासरी ३२४, सर्वांत कमी २४१. म्हणजे कमीत कमी आकडा सरासरीच्या ०.७४ पट आला. तक्रार करणारे ज्येष्ठ वाचक त्या रात्री शेवटपर्यंत बसले होते. त्यांनी नवी तक्रार नोंदवली: खुर्चीत मागे रेलले की समोरच्या टेबलावरची ट्यूब डोळ्यांत घुसते. लक्समीटर ही चमक दाखवत नाही. सध्या दोन ट्यूबना पत्र्याची आडोशी झडप लावून पाहिली आहे, तिचे १८० रुपये अजून कोणत्या खात्यात टाकायचे ते ठरलेले नाही. टेबलांवरच्या खडूच्या खुणांवर रंगाचे ठिपके दिले आहेत. पुढची मोजणी जूनमध्ये, पहिल्या पावसात पाखरे ट्यूबच्या आवरणात शिरण्याआधी, आणि दुसरी त्यांना झटकून काढल्यावर.